डोनरच्या टी पेशी देऊन व्हायरसवर उपचार : सारखे विचारले जाणारे प्रश्न

बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालेल्या माणसाच्या घरच्यांसाठी हे मुख्यतः लिहिलंय. माझ्या धाकट्या भावाला मी स्टेम सेल्स दिल्या आणि नंतर त्याला व्हायरस उलटला म्हणून पुन्हा एकदा टी पेशींसाठी रक्त दिलं, त्या काळात जे प्रश्न डोक्यात घोळत होते आणि नंतर ओळखीतल्या लोकांनी जे फोनवर विचारले ते सगळे इथे एकत्र टाकतेय. तुमच्या पेशंटबद्दलचा निर्णय अर्थातच त्यांच्या ट्रान्सप्लांट टीमचा, पण निदान काय विचारायचं ते कळायला हवं ना.

हे नेमकं काय असतं?

आपल्या रक्तात टी पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी असतात. एखादा व्हायरस एकदा होऊन गेला की त्या व्हायरसला ओळखणाऱ्या काही टी पेशी शरीरात वर्षानुवर्षं राहतात, आठवण धरून. ज्याची स्वतःची प्रतिकारशक्ती सध्या शून्यावर आहे त्याला दुसऱ्या निरोगी माणसाच्या या आठवण असलेल्या पेशी वेगळ्या काढून रक्तातून द्यायच्या, एवढीच मूळ कल्पना आहे. डॉक्टर लोक याला व्हायरस-स्पेसिफिक टी सेल्स म्हणतात, फाइलवर व्हीएसटी असं लिहिलेलं दिसेल.

ट्रान्सप्लांटनंतर व्हायरस येतो कुठून? आम्ही तर कोणालाच भेटू देत नव्हतो.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त लोक विचारतात आणि विचारताना आवाजात अपराधीपणा असतो, की आमचंच काहीतरी चुकलं. बहुतेक वेळा चुकलेलं नसतं. सायटोमेगॅलो (सीएमव्ही), एपस्टाइन-बार (ईबीव्ही) आणि बीके हे व्हायरस बाहेरून येतातच असं नाही, ते आधीपासून आतच असतात. ईबीव्ही तर ९० टक्क्यांहून जास्त मोठ्या माणसांना कधी ना कधी होऊन गेलेला असतो, सीएमव्ही पण जगातल्या बहुसंख्य लोकांत असतो, बीके लहानपणीच शिरतो आणि किडनीत गपचूप पडून राहतो. हे व्हायरस शरीरातून कधीच पूर्ण जात नाहीत, टी पेशी त्यांना दाबून ठेवतात. ट्रान्सप्लांटच्या आधीच्या केमोने आणि नंतरच्या औषधांनी हा पहारा उठतो, नवीन टी पेशी तयार व्हायला कित्येक महिने लागतात, कधी वर्षभर, आणि त्या मधल्या काळात झोपलेला व्हायरस उठतो. ॲडेनोव्हायरस बाहेरूनही येऊ शकतो, विशेषतः लहान मुलांत, पण तोही पुष्कळदा आतलाच असतो. तेव्हा मास्क नीट लावला नाही म्हणून झालं का, हे स्वतःला विचारत बसू नका.

अँटिव्हायरल औषधं असताना पेशींची भानगड कशाला?

औषधंच आधी देतात आणि तेच बरोबर आहे. पण प्रत्येक औषधाची काहीतरी किंमत शरीराला मोजावी लागते. गॅन्सिक्लोव्हिरने सीएमव्ही दबतो पण नवीन आलेला मॅरो पण दबतो, म्हणजे रक्तातल्या पेशींच्या ज्या काउंटसाठी एवढे दिवस डोळे लावून बसलो तेच खाली. फॉस्कारनेट आणि सिडोफोव्हिर किडनीला त्रास देतात. लेटरमोव्हिर २०१७ मध्ये आलं तेव्हापासून सीएमव्ही आधीच रोखणं खूप सोपं झालं, त्याने मॅरो दबत नाही, पण ते फक्त सीएमव्हीवर चालतं. ईबीव्हीसाठी रिटुक्सिमॅब देतात, ते व्हायरसला मारत नाही, व्हायरस ज्या ‘बी’ नावाच्या पांढऱ्या पेशींत राहतो त्या पेशी काढून टाकतं. आणि बीकेवर तर खात्रीचं औषधच नाही.

दुसरं म्हणजे औषध व्हायरसला थोपवतं, पण औषध बंद केल्यावर पहाऱ्याला कोणीतरी हवं, ते जर नसेल तर तोच व्हायरस परत उठतो. टी पेशी हा पहारा थेट परत बसवतात, हा खरा फरक.

ही कल्पना नवीन आहे का? प्रयोग तर नाही ना करत आमच्यावर?

नवीन अजिबात नाही. १९८३ मध्ये अमेरिकेत डेव्हिड व्हेटर नावाच्या मुलाला, जो जन्मजात प्रतिकारशक्ती नसल्यामुळे प्लास्टिकच्या बंदिस्त खोलीत वाढला होता, त्याच्या बहिणीचा मॅरो दिला. त्या मॅरोबरोबर ईबीव्ही गेला, त्याला दाबणाऱ्या टी पेशी मुलाकडे नव्हत्या, व्हायरसमुळे लिम्फोमा (पांढऱ्या पेशींचा कॅन्सर) झाला आणि १९८४ च्या फेब्रुवारीत तो बारा वर्षांचा असताना गेला. मी स्वतः बहीण म्हणून डोनर होते त्यामुळे हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुढे वाचवेना. पण टी पेशींशिवाय ईबीव्ही काय करू शकतो हे त्या एका मुलामुळे जगाला कळलं.

पुढे १९९२ मध्ये सिअॅटलच्या फ्रेड हचिन्सन सेंटरमध्ये तीन पेशंटना डोनरच्या सीएमव्ही ओळखणाऱ्या टी पेशी वाढवून दिल्या, मग १९९५ मध्ये चौदा जणांचा अनुभव आला आणि त्यांच्यापैकी कोणालाच सीएमव्हीचा आजार झाला नाही. १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये ईबीव्हीचा लिम्फोमा झालेल्या पाच जणांना डोनरच्या पांढऱ्या पेशी न निवडता तशाच दिल्या आणि गाठी विरघळल्या, पण न निवडलेल्या पेशींत पेशंटच्याच शरीरावर हल्ला करू शकणाऱ्या पेशी पण येतात, म्हणून मग निवडून द्यायची पद्धत पुढे आली. म्हणजे तीसेक वर्षांहून जास्त काम झालंय यावर. तरीसुद्धा बऱ्याच ठिकाणी हा उपचार अजून ट्रायलमध्येच मिळतो, त्यामुळे संमतीपत्रावर ‘संशोधन’ शब्द दिसला तर घाबरू नका, पण पूर्ण वाचल्याशिवाय सही पण करू नका.

डोनरला काय करावं लागतं? दुखतं का?

स्टेम सेल देताना जेवढा सोपस्कार झाला त्यापेक्षा हे कमीच. लॅबमध्ये पेशी वाढवणार असतील तर कधी कधी नुसतं रक्त काढून भागतं. थेट निवडून घेणार असतील तर मशीनवर बसावं लागतं, एका हातातून रक्त जातं, मशीन पांढऱ्या पेशी बाजूला काढतं आणि बाकीचं दुसऱ्या हातातून परत येतं, काही तास जातात. स्टेम सेल देताना घेतात त्या वाढीच्या इंजेक्शनची इथे गरज नसते. ओठांना मुंग्या आल्या तर लगेच सांगायचं, रक्त गोठू नये म्हणून जे घालतात त्याने कॅल्शियम कमी होतं, ते देतात की बरं वाटतं. एचआयव्ही, हिपॅटायटिस वगैरे टेस्ट पुन्हा होतात. डोनरची स्वतःची प्रतिकारशक्ती यामुळे कमी होत नाही, माझ्या आईला हीच भीती होती, एक पोर आजारी आणि दुसरं पण आजारी पडेल की काय.

डोनरला तो व्हायरस कधी झालाच नसेल तर?

मग त्याच्याकडे आठवण असलेल्या पेशीच नसणार, आणि जे नाही ते निवडून कसं काढणार. डोनर सीएमव्ही निगेटिव्ह आणि पेशंट पॉझिटिव्ह ही जोडी म्हणूनच अवघड असते. कॉर्ड ब्लड ट्रान्सप्लांटमध्येही तेच, नाळेच्या रक्तातल्या पेशींनी जगातला कुठलाच व्हायरस पाहिलेला नसतो.

अशा वेळी तिसऱ्याच माणसाच्या पेशी वापरतात, थर्ड पार्टी. निरोगी लोकांकडून आधीच पेशी घेऊन, तयार करून, टेस्ट करून, गोठवून ठेवलेल्या असतात, पेढीसारख्या. ही वाट एडिनबरामधल्या संशोधकांनी पाडली, २००७ साली त्यांनी ३३ पेशंटचा अनुभव मांडला, ट्रान्सप्लांटनंतर ईबीव्हीमुळे लिम्फोमासारखा आजार झालेले आणि नेहमीचे उपचार लागू न पडलेले हे लोक होते, त्यातल्या निम्म्याहून थोड्या जास्त लोकांना सहा महिन्यांनी फायदा टिकून होता.

तिसऱ्याच माणसाच्या पेशी आमच्या पेशंटला चालतात कशा? मॅरोला तर एचएलए पूर्ण जुळवावं लागलं होतं.

इथे थोडं सावकाश वाचा कारण हेच नीट कळलं तर बाकी सगळं कळतं. शरीरातली प्रत्येक पेशी आपल्या आत काय चाललंय त्याचे तुकडे बाहेर मांडून दाखवते, आणि ते ज्या तबकात ठेवून दाखवते ते तबक म्हणजे एचएलए. टी पेशी नुसता व्हायरसचा तुकडा ओळखत नाही, ती अमुक तबकातला अमुक तुकडा ओळखते. म्हणजे डोनरच्या पेशींची सीएमव्हीची ओळख समजा एचएलए-ए२ या तबकावरची असेल आणि पेशंटकडे ए२ असेलच तर त्या काम करतील, बाकीची तबकं वेगळी असली तरी बऱ्याच अंशी चालून जातं. पण जुळणारं तबक एक, आणि व्हायरसची ओळख भलत्याच तबकावरची, असं असेल तर कागदावर जुळतंय आणि प्रत्यक्षात उपयोग शून्य. म्हणून पेढीतून निवडताना नुसते किती एचएलए जुळले एवढंच पाहून चालत नाही, जुळलेल्या एचएलएवरूनच व्हायरस ओळखला जातोय का ते पाहायचं. हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा, त्यांना आवडेल.

तिसऱ्या माणसाच्या पेशी कधी ना कधी शरीर परकं म्हणून काढून टाकतंच, त्या काही आठवडे, फार तर काही महिने टिकतात. ज्याचा मॅरो घेतला त्याच डोनरच्या पेशी मात्र घरच्याच ठरतात आणि फार काळ राहू शकतात, ईबीव्ही ओळखणाऱ्या, ओळख पटावी म्हणून खूण केलेल्या पेशी नऊ वर्षांनी पण सापडल्या आहेत.

लॅबमध्ये काय करतात आणि किती दिवस लागतात?

दोन मुख्य वाटा आहेत. एक, वाढवायची. डोनरच्या पेशींना व्हायरसच्या प्रोटीनचे छोटे तुकडे दाखवायचे, ज्या ओळखतात त्या भराभर वाढतात, बाकीच्या मागे पडतात. पूर्वी ईबीव्हीच्या पेशी तयार करायला दोन-तीन महिने जायचे आणि तोपर्यंत पुष्कळदा पेशंट हातचा जायचा, आता साधारण दहा दिवसांत वाढतात, वर तपासणीचे दिवस धरायचे. एकाच वेळी पाच व्हायरस ओळखणाऱ्या पेशी पण अशाच तयार करतात.

दुसरी वाट निवडायची. तुकडे दाखवले की ओळखणाऱ्या पेशी इंटरफेरॉन गॅमा नावाचं रसायन सोडायला लागतात, त्या रसायनाला धरून लोहचुंबकाच्या बारीक कणांनी फक्त त्याच पेशी ओढून घ्यायच्या. एक-दोन दिवसांत काम होतं. पेशी थोड्या मिळतात पण पेशंटच्या शरीरात जाऊन त्या वाढतात. यासाठी डोनर हाताशी हवा आणि त्याच्या रक्तात त्या व्हायरसच्या पेशी पुरेशा हव्यात.

पेशी चढवतात तेव्हा काय होतं?

आमच्या डोक्यात मोठं काहीतरी होतं. ऑपरेशनसारखं. प्रत्यक्षात टेक्निशियन एक डबा घेऊन आली, वाफा निघणारा, त्यात नायट्रोजनच्या थंडीत ठेवलेली पिशवी, आणि पिशवीत बघायला गेलं तर चमचा-दोन चमचे गढूळसर पाणी. पिशवी कोमट पाण्यात धरली, मिनिटभरात बर्फ सुटला, दोघींनी नाव आणि नंबर मोठ्याने वाचून ताडून पाहिलं, ॲलर्जीचं इंजेक्शन आधीच देऊन झालं होतं, आणि मग सेंट्रल लाइनमधून (मोठ्या शिरेत बसवलेली नळी) पाचेक मिनिटांत संपलं. भाऊ म्हणाला, झालं? एवढंच? मग दिवसभर त्याच्या श्वासाला लसणीसारखा वास येत होता, तो पेशी गोठवताना जे डीएमएसओ घालतात त्याचा, घाबरायचं काही नाही. पुढचा तास-दोन तास नाडी, बीपी, ताप बघत राहिले.

त्या एवढ्याशा पाण्यात किती पेशी असतात? नेहमीचा एक डोस शरीराच्या दर चौरस मीटरला २ कोटी पेशी असा असतो. ऐकायला प्रचंड, पण मुद्दाम कमी ठेवलेला आकडा आहे, कारण योग्य पेशी आत जाऊन स्वतःच वाढतात.

जीव्हीएचडी होईल का?

जीव्हीएचडी म्हणजे डोनरच्या पेशींनी पेशंटच्याच शरीरावर हल्ला करणं. डोनरच्या टी पेशी म्हटलं की हीच भीती पहिली येते आणि ती रास्त आहे. पण जीव्हीएचडी करणाऱ्या पेशी आणि व्हायरस ओळखणाऱ्या पेशी बहुतांशी वेगळ्या, निवडताना किंवा वाढवताना पहिल्या जवळपास गळून जातात. आतापर्यंतच्या अभ्यासांत नव्याने जीव्हीएचडी होण्याचं प्रमाण कमी राहिलंय आणि झाली ती बरीचशी सौम्य. शून्य मात्र कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. आधीच जोरात जीव्हीएचडी चालू असेल तर सहसा देतच नाहीत. थोडा ताप येऊ शकतो, आणि व्हायरस जिथे आहे तिथे सूज येऊन एखाद-दोन दिवस बिघडल्यासारखं वाटू शकतं.

स्टेरॉइड चालू असताना देता येतं का?

इथे आमचे दिवस गेले. स्टेरॉइड टी पेशींना मारतं, मग त्या कोणाच्याही असोत. बहुतेक ट्रायल्समध्ये प्रेडनिसोलोनचा डोस दिवसाला किलोमागे अर्धा मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी असेल तरच पेशी देतात. भावाला जीव्हीएचडीसाठी जास्त डोस चालू होता आणि व्हायरसचा आकडा वर चाललेला, आम्हाला कोणी सुरुवातीला या पर्यायाबद्दल बोललंच नव्हतं, कळलं तेव्हा आधी स्टेरॉइड हळूहळू उतरवण्यात दोन आठवडे गेले, रोज पीसीआरचा (रक्तातला व्हायरस मोजणारी टेस्ट) आकडा आणि गोळीचा आकडा दोन्ही वहीत लिहायचे आणि बघत बसायचं. ट्रान्सप्लांटच्या वेळी एटीजी किंवा अलेमटुझुमॅब ही टी पेशी मारणारी औषधं दिली असतील तर तेही रक्तात रेंगाळतं आणि नवीन पेशींना मारतं, साधारण चार आठवडे थांबतात. म्हणून माझं एकच कळकळीचं सांगणं की हा विषय व्हायरस हाताबाहेर गेल्यावर काढू नका, पहिलं औषध चालू होतं तेव्हाच काढा.

काम झालं हे कळतं कसं?

आठवड्याला पीसीआर करतात, रक्तातल्या व्हायरसच्या कॉपी मोजतात. दुसऱ्या दिवशी फरक दिसत नाही, दोन ते चार आठवडे धीर धरावा लागतो, मध्ये आकडा एकदा वर पण जाऊ शकतो. बीके मूत्राशयाला त्रास देतो, म्हणून तिथे आकड्यापेक्षा लघवीकडे बघतात, रक्ताच्या गुठळ्या कमी होणं, जळजळ कमी होणं, रात्री दर दहा मिनिटांनी उठावं न लागणं. फायदा अर्धवट झाला तर पुन्हा डोस देता येतो.

खरंच किती जणांना उपयोग होतो? खरं सांगा.

चांगले आकडे आधी. ईबीव्हीसाठी ११४ पेशंटचा मोठा अनुभव २०१० मध्ये छापून आला, त्यात आजार होऊ नये म्हणून ज्या १०१ जणांना पेशी दिल्या त्यांच्यापैकी एकालाही तो लिम्फोमासारखा आजार झाला नाही आणि आजार झालेल्या १३ पैकी ११ जण पूर्ण बरे झाले. पेढीतल्या पेशींचा २०१३ चा अभ्यास ५० जणांचा, औषधांना दाद न देणारे व्हायरस, ७४ टक्क्यांना सहा आठवड्यांत पूर्ण किंवा अर्धवट फायदा. २०१७ मध्ये पाच व्हायरसवाल्या पेशी ३८ जणांना दिल्या, ९२ टक्क्यांना फायदा.

आता दुसरी बाजू. त्याच पाच व्हायरसवाल्या पेशींचं पुढे पोसोल्युसेल नावाने औषध करायला घेतलं, तीन मोठ्या फेज थ्री (मंजुरीआधीच्या शेवटच्या टप्प्यातल्या) ट्रायल्स लावल्या, आणि डिसेंबर २०२३ मध्ये तिन्ही थांबवल्या, कारण मधल्या तपासणीत दिसलं की ठरवलेला फायदा सिद्ध होण्याची शक्यता उरलेली नाही. धोका वाटला म्हणून थांबवल्या नव्हत्या. ही बातमी वाचून मला वाईट वाटलं होतं पण ती लपवून चालणार नाही. आधीच्या अभ्यासांत तुलनेसाठी पेशी न मिळालेला गट नव्हता, आणि काही पेशंटचा व्हायरस स्वतःची प्रतिकारशक्ती परत आली की आपोआपच उतरतो, तो फायदा पेशींच्या खात्यात जमा झाला असू शकतो. माझं मत असं की औषधांना दाद न देणाऱ्या पेशंटमध्ये या पेशींचं मोल आहेच, सरसकट सगळ्यांना आधीच देऊन ठेवण्याबद्दल मात्र तेवढ्या खात्रीने बोलता येत नाही.

मंजूर झालेलं औषध आहे का कुठलं?

आहे, टॅबेलेक्ल्युसेल, ब्रँडचं नाव एबव्हॅलो. डिसेंबर २०२२ मध्ये युरोपियन युनियनने मंजूर केलं, ट्रान्सप्लांटनंतरच्या ईबीव्हीच्या लिम्फोमासारख्या आजारासाठी, आधीचा उपचार निष्फळ ठरला असेल तर. दुसऱ्या माणसाच्या, व्हायरस ओळखणाऱ्या टी पेशींपासून बनलेलं हे मंजूर औषध. त्याच्या मुख्य ट्रायलमध्ये ४३ पैकी २२ जणांना फायदा झाला. निम्मे म्हणजे कमी वाटेल, पण हे असे लोक होते ज्यांच्याकडे दुसरं फारसं काही उरलं नव्हतं.

मेंदूतल्या व्हायरसवर चालतं का?

पीएमएल नावाचा आजार जेसी व्हायरसमुळे होतो, मेंदूतल्या नसांवरचं आवरण जातं, औषध नाही. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या एमडी अँडरसन कॅन्सर सेंटरच्या डॉक्टरांनी तीन पेशंटना बीके व्हायरसच्या टी पेशी दिल्या, कारण बीके आणि जेसी एवढे सारखे आहेत की एकाला ओळखणारी पेशी दुसऱ्यालाही ओळखते. तिघांचाही मेंदूच्या पाण्यातला व्हायरस कमी झाला, दोघांचा पूर्ण गेला. तिघंच आहेत हे लक्षात ठेवून वाचा, पण या आजारात तिघं पण खूप असतात.

मग फ्लू किंवा कोविड झालेल्या साध्या माणसाला का नाही देत?

कारण त्याच्याकडे स्वतःच्या आहेत. धडधाकट माणसाच्या टी पेशी आठवड्याभरात स्वतःच तयार होतात, आणि परक्या पेशी त्याचं शरीर लगेच काढूनही टाकेल. कोविडमध्ये बरे झालेल्यांच्या टी पेशी देऊन पाहिल्या गेल्या, मुख्य विचार कमजोर प्रतिकारशक्तीच्या लोकांचाच होता.

हे आणि कार-टी एकच का?

नाही. कार-टी हा कॅन्सरवरचा टी पेशींचा उपचार, त्यात पेशीचे जीन बदलतात आणि बहुधा पेशंटच्याच पेशी घेतात. इथे जीन बदलत नाहीत, निसर्गाने जे शिकवलं तेच वापरायचं. त्यामुळे कार-टीनंतर कधी कधी येते तशी जोरदार रिॲक्शन इथे क्वचितच दिसते.

डॉक्टरांना भेटताना नेमकं काय विचारू?

वहीत लिहून न्या, तिथे गेल्यावर सगळं विसरायला होतं. डोनरचा सीएमव्ही आणि ईबीव्हीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे का निगेटिव्ह. व्हायरसचा आकडा मागच्या तीन वेळा किती होता, वर चाललाय का खाली. स्टेरॉइडचा आजचा डोस किती आणि तो अर्ध्या मिलिग्रॅमखाली कधी येईल. एटीजी शेवटचं कधी दिलं. आपल्या सेंटरला पेशी तयार करता येतात का, नाहीतर कुठल्या ट्रायलमध्ये किंवा पेढीतून मागवता येतात, आणि मागवल्यापासून हातात यायला किती दिवस. आणि पेशंटचा पूर्ण एचएलए रिपोर्ट, सगळी पानं, त्याची कॉपी स्वतःजवळ ठेवा, आम्हाला तो शोधण्यात अख्खा एक दिवस गेला होता.